रोह्यांना आचारसंहिता नाही

डिसेंबर २०१९ मध्ये संसदेनं शस्त्र कायदा सुधारला. परवानाधारकाला आता तीनऐवजी दोनच बंदुका. मूळ विधेयकात तर एकच होती. पण आजोबांच्या बंदुका दिवाणखान्यात मिरवणाऱ्यांचा जीव कासावीस झाला आणि सरकारला पाझर फुटला.

आमच्या सेलू तालुक्यातल्या शेतकऱ्याला ही श्रीमंती चिंता नाही. पीकरक्षणाचा परवाना मिळालाच, तर त्याच्याकडे एकच जुनी नळीची बंदूक. निवडणूक लागली की तीही ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघतो. २०२४ ची विधानसभा आली ऐन नोव्हेंबरात, तूर फुलोऱ्यात आणि कापूस वेचणीला असताना. उमेदवारांचा प्रचार रात्री दहाला थांबतो, रोही आणि रानडुकरांचा तेव्हा सुरू होतो. बोरच्या जंगलातून येणाऱ्यांना तर पक्षचिन्हही लागत नाही.

बंदुकीचं नाव काढलं की शहाणी माणसं सेवाग्रामकडे बोट दाखवतात. पण १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनपुढे ठेवलेल्या ११ मागण्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या, हीही एक मागणी होती. साक्षात बापूंनाही सरकारनं दाद दिली नाही. मग तुरीवाल्याच्या अर्जाची काय कथा!