हळदणकरांवरून

(रंगमंचावर इझल. त्यावर जुन्या चादरीने झाकलेला कॅनव्हास. शेजारी स्टूल, त्यावर मग आणि ब्रश. पात्र : नुकतेच निवृत्त झालेले गृहस्थ. झब्ब्यावर रंगाचे डाग. ते मुद्दाम पाडलेत अशी शंका यावी.)

(मगमधला ब्रश काढून स्टुलावर आपटतात. टक्, टक्.)

ऐकलंत? हा आठ नंबरचा ब्रश. परवापर्यंत मऊ होता. ॲक्रिलिक रंग पाण्यात विरघळतो, पण फक्त वाळेपर्यंत. एकदा वाळला की प्लास्टिक! मी फोन घ्यायला उठलो, परत आलो, तर हा असा. हिने मागून ठेवलाय, नारळ सोलायला.

निवृत्त झालो आणि चित्रकलेचा क्लास लावला. पाया पक्का होता. शाळेत इंटरमिजिएटला बी ग्रेड! सर वयाने माझ्या मुलाएवढे. म्हणाले, "काका, आवडत्या चित्राची कॉपी करा. हात बसतो. फक्त सोपं निवडा." मी निवडलं 'ग्लो ऑफ होप'.

सरांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला. चित्र तेच होतं.

तुम्हीही पाहिलंय ते, कॅलेंडरवर. एका हातात दिवा घेतलेली मुलगी, दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि त्या बोटांतून उजेड लाल होऊन झिरपतोय. सर म्हणाले, "काका, हे जलरंगातलं आहे. तुम्ही ॲक्रिलिक आणलंय." म्हटलं, ट्यूबा फोडल्यात. दुकानदार परत घेणार नाही.

आता गंमत बघा. जलरंगात उजेड लावत नाहीत, सोडतात. हवा तिथे कागद कोरा ठेवायचा आणि भोवती अंधार रंगवत जायचं. म्हणजे काम न करता केलेलं दिसलं पाहिजे. मी सरकारी खात्यातून निवृत्त झालोय, हे तंत्र मला पाठ! पण ॲक्रिलिकमध्ये उलटं. आधी अंधार करायचा, मग त्यावर पातळ थर चढवत उजेड आणायचा. इथेही काम टळेना.

मी अख्खा दिवा टिटॅनियम व्हाइटने भरला. ट्यूबलाइट लागली. सर म्हणाले, "पांढऱ्याने उजेड पडत नाही, काका. आजूबाजूचं गडद करा." केलं. "अजून." केलं. "अजून." शेवटी त्या मुलीच्या घरात लोडशेडिंग झालं. दिवा दिसतोय, मुलगी कुठंय?

परत काढली. आडव्याउभ्या चौकटी आखून. चौकटीत जेवढं दिसेल तेवढंच काढायचं. नाक नेमकं दोन चौकटींच्या रेघेवर आलं. अर्धं सोमवारी काढलं, अर्धं मंगळवारी. मंगळवारचं जास्त चांगलं आहे.

मग गाल. ओला असताना ॲक्रिलिकमधला डिंकासारखा भाग दुधाळ असतो. वाळला की तो पारदर्शक होतो आणि रंग गडद दिसतो. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! रात्री गुलाबी गाल करून झोपलो. सकाळी आई बघून म्हणाली, "पोरीला उन्हात उभी केली होतीस का रे?" आणि ती बोटं, त्या बोटांसाठी मी अख्खं क्रिमसन संपवलं. आई म्हणाली, "मेंदी मात्र छान रंगलीय हो."

रंग उशिरा वाळावा म्हणून त्यात रिटार्डर घालतात. थोडासा. मी सढळ हाताने घातला. कपाळ पुढच्या संकष्टीपर्यंत ओलं होतं.

म्हटलं, जिवंत मॉडेल हवं. मूळ चित्रासाठी चित्रकाराची मुलगीच दिवा धरून उभी राहिली होती. गीताताई उपळेकर. २०१८ साली कोल्हापुरात गेल्या, १०२ वर्षांच्या होऊन. हिला म्हटलं, "बघ, तूही उभी राहा, आयुष्य वाढतं." "कोणाचं?" म्हणाली. पण राहिली. कुकरच्या दोन शिट्ट्या होईपर्यंत. तिसरी झाली, आणि माझी आशा गॅस बंद करायला गेली.

राहता राहिली साडी. झेरॉक्सवाल्याच्या प्रिंटमध्ये साडी निळी. फोनवर जांभळी. सरांच्या फोनवर राखाडी. मूळ चित्र म्हैसूरला, जगनमोहन पॅलेसमध्ये. म्हणजे मी त्या चित्राची कॉपी करतच नव्हतो, झेरॉक्सवाल्याची करत होतो! तरी तो पैसे घेतोच.

तर चित्र झालं. हॉलमध्ये लावलं. शेजारचे आले, मागे हात बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "रविवर्मा का?"

(उसळून) रविवर्मा नाही हो! सावळाराम लक्ष्मण हळदणकर! आपले, सावंतवाडीचे! रविवर्मा गेले १९०६ साली. हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं. गेलेल्या माणसाने चाळीस वर्षांनी येऊन चित्र काढलं, तर ते भिंतीवर लावायचं की अंगारा लावायचा?

ते घाबरून गेले. पण मला वाटलं, हा घोळ आपणच मिटवावा. सरही म्हणाले होते, नक्कल केली तर मूळ चित्रकाराचं नाव लिहावं. मी खाली लिहिलं, 'हळदणकरांवरून'. 'हळदणकर' मोठं. 'वरून' पुढे जागा उरली नाही म्हणून बारीक.

दुसऱ्या दिवशी तेच शेजारी बायकोला घेऊन आले. तिने चष्मा लावून वाचलं. म्हणाली, "हळदणकर का? बऱ्यापैकी आहे. पण नाक नाही हो जमलं त्यांना."

(शांतता. घाम पुसतात.)

सावंतवाडीच्या माणसाची अब्रू माझ्या सोमवारच्या नाकापायी गेली! झोप येईना. रात्री उठलो. रंग वाळलेला, म्हणजे पुसायची सोय नाही. वरून काळा थर दिला. आणि काळ्यावर, पिवळ्या अक्षरांत, व्यवस्थित लिहिलं, 'रविवर्मा'.

तेव्हा एक विनंती आहे. म्हैसूरला गेलात तर जगनमोहन पॅलेसमध्ये जा, त्या बोटांसमोर नीट उभे राहा. आणि शेजारी कोणी म्हणालं, "रविवर्म्याचं ना हे?", तर त्याला सांगा, नाही, हे हळदणकरांचं. रविवर्म्याचं आमच्या हॉलमध्ये आहे.