तळे राखी लष्कर

जॉर्जिया राज्याला निसर्गाने डोंगर दिले, नद्या दिल्या, लाल माती तर हात सैल सोडून दिली; मोठं सरोवर मात्र एकही दिलं नाही. ती उणीव लष्कराने भरून काढली. 'आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स' या अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी १९५० मध्ये चॅटाहूची नदीवर ब्यूफर्ड धरणाचं काम काढलं आणि १९५९ मध्ये अटलांटाच्या उत्तरेला सुमारे ३८ हजार एकरांचा जलाशय काठोकाठ भरला. किनारा ६९२ मैलांचा, म्हणजे महाराष्ट्राच्या अख्ख्या समुद्रकिनाऱ्याहून लांब.

नाव ठेवलं लेक लनिअर. सिडनी लनिअर हा जॉर्जियाचाच कवी. त्याने चॅटाहूचीवर एक कविता लिहिली आहे. तीत गवत, झाडं, दगडगोटे सगळे नदीला 'थांब गं' म्हणून विनवतात आणि ती कुणाचंही न ऐकता खालच्या मैदानातल्या कामाला धावते. ज्या भिंतीने तिला अखेर थांबवलं, त्या भिंतीमागच्या पाण्याला याच कवीचं नाव! सरकारी खात्यांना विनोदबुद्धी नसते, असं कोण म्हणतं?

काठावर घर घेणाऱ्याला या विनोदाचा पुढचा भाग कळतो. जाहिरातीत 'लेकफ्रंट' असतं; पण घराची हद्द संपते तिथून पाण्यापर्यंतचा पट्टा सहसा कोअरचा. त्या पट्ट्यातलं झाड पाडायचं, परवानगी. पाण्यापर्यंत पायवाट काढायची, परवानगी. बोट बांधायला तरंगता धक्का, म्हणजे डॉक, हवा तर त्याचाही परवाना, आणि अशा खासगी धक्क्यांची कमाल संख्याही ठरलेली. शिवाय घर विकलं की परवाना आपोआप नव्या मालकाकडे जात नाही. त्याने आपल्या नावाने नवा अर्ज करायचा. घर आपलं, बोट आपली, तिचं कर्जही आपलंच. ज्यावर पाय ठेवून बोटीत चढायचं ते मात्र लष्कराच्या मर्जीवर. लेकफ्रंट घराच्या जाहिरातीत शयनगृहांच्या आधी डॉकची बढाई असते ती उगीच नव्हे.

या काठावरच्या माणसाची खुशाली एकाच आकड्यावर ठरते: १०७१. समुद्रसपाटीपासून इतके फूट म्हणजे उन्हाळ्यातला 'फुल पूल'. हिवाळ्यात पाणी फूटभर खाली ठेवतात. आपल्याकडे पावसाळ्यात खडकवासला किती टक्के, हे जसं चहाबरोबर लागतं, तसा इथे हा आकडा बारा महिने लागतो. पाणी हटलं की डॉकही मागोमाग ढकलत न्यावा लागतो. आळस केला, तर तो लाल चिखलात बसतो आणि पाऊस येईपर्यंत हलत नाही.

२००७ च्या दुष्काळात पाणी १०७१ वरून १०५०.७९ वर आलं. बोटी उतरवायचे उतार कोरड्या मातीत संपू लागले. धरणात बुडालेल्या लूपर स्पीडवे नावाच्या मोटारशर्यतीच्या मैदानातल्या प्रेक्षकांच्या सिमेंटच्या पायऱ्या पाण्याबाहेर आल्या; बसायला सोय झाली, पण पाहायला काही नव्हतं. नोव्हेंबरात गव्हर्नर सनी पर्ड्यू यांनी अटलांटात राज्याच्या विधानभवनाबाहेर पावसासाठी जाहीर प्रार्थना घेतली. एक-दोन दिवसांत पावसाची सर आलीही. महादेवाची पिंड पाण्यात बुडवून पावसाला साकडं घालणाऱ्या आपल्या गावांनी या गव्हर्नरला सहज आपल्यात घेतलं असतं. तळं मात्र अशा एका सरीने भरणारं नव्हतं. ते काठोकाठ भरायला ऑक्टोबर २००९ उजाडला.

तोवर कोर्टकचेरी रंगली होती. 'तळे राखी तो पाणी चाखी' ही म्हण इथे पुरती उलटली आहे: राखतं लष्कर, चाखते अटलांटा, आणि खाली नदीकाठची अलाबामा व फ्लोरिडा ही राज्यं ओरडतात की आमच्या वाट्याला काय? फ्लोरिडाला अपॅलाचिकोला खाडीतल्या कालवांची काळजी. १९४८ मध्ये धरणाच्या खर्चाचा वाटा उचलण्याचा प्रश्न आला, तेव्हा अटलांटाचे महापौर विल्यम हार्ट्सफील्ड यांनी हात वर केले होते. शहराला पाण्याचे बाकीचे मार्ग भरपूर आहेत, असा त्यांचा हिशेब. हा कंजूषपणा साठ वर्षांनी अंगाशी आला. २००९ मध्ये न्यायमूर्ती पॉल मॅग्नुसन यांनी निकाल दिला की शहराला पाणी पाजणं हा या धरणाचा मंजूर हेतूच नव्हता. तीन वर्षांत काँग्रेसची मंजुरी आणा, नाहीतर उपसा १९७० च्या दशकातल्या पातळीवर न्या. अटलांटाच्या घशाला कोरड पडली. २०११ मध्ये वरच्या कोर्टाने निकाल फिरवला आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फ्लोरिडाही हरली. या निकालांच्या कितीतरी आधीच हार्ट्सफील्ड यांचं नाव अटलांटाच्या विमानतळाला लागलं होतं. पाणी सोडून दुसरं काहीतरी नावावर लागलं, हे बरंच झालं.

उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी मात्र कुणाला कोर्टाची आठवण नसते. 'कॉकटेल कोव्ह' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खाडीत बोटीला बोट बांधून पाण्यावरच वस्ती उभी राहते आणि शेजारच्या बोटीवरचं संगीत आपलंच असल्यासारखं ऐकावं लागतं. काठालगतची फोरसाइथ काउंटी आणि जवळची अल्फारेटा, जॉन्स क्रीक ही उपनगरं भारतीयांनी, त्यात मराठी कुटुंबांनीही, गजबजलेली. पुण्याहून आलेल्या आईवडिलांना सपाट, संथ पॉन्टून बोटीवर बसवायचं ठरलं की ते बेत आखतात तो डब्यांचा. नातवंडं फुगवलेल्या ट्यूबवर किंचाळत असतात. आजी विचारते, पाणी खोल आहे का रे? धरणापाशी दीडशे फुटांहून जास्त, हे उत्तर तिला सहसा कुणी देत नाही.

तळ्यावर भुताच्या गोष्टी भरपूर आहेत. बुडालेल्यांना निळ्या झग्यातली बाई खाली ओढते, असं सांगणारे भेटतील. याच फोरसाइथमधून १९१२ मध्ये जवळजवळ साऱ्या कृष्णवर्णीय रहिवाशांना दहशतीने हाकलून दिलं होतं, हे सांगणारे त्या मानाने कमी भेटतात. ते भूत खरं आहे, म्हणून असेल.

बुडण्याला कारण म्हणून भुताची गरज नाही. बिअर, गर्दी, अचानक खोल जाणारा तळ आणि अंगावर नसलेलं जॅकेट पुरतं. चालत्या बोटीवर तेरा वर्षांखालच्या मुलांना लाइफ जॅकेट घालावंच लागतं, असा जॉर्जियाचा कायदा आहे. मोठ्यांसाठी ते बोटीवर असलं की पुरे. घालायचं की नाही, हे कायद्याने त्यांच्या अकलेवर सोडलं आहे. तेव्हा लनिअरला जाल तर पोहता येत असलं तरी जॅकेट घाला, आणि आजोबांनाही घाला, ते कितीही 'आम्ही विहिरीत पोहायला शिकलो' म्हणाले तरी.