सेडानची तौलनिक मीमांसा

भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले काका सेडान घेणार म्हणजे आधी टेंडरच निघतं. व्हर्नाची डिकी ५२८ लिटर, सिटीची ५०६; या २२ लिटरांवर सिव्हिक सेंटरला अख्खी संध्याकाळ जाते. (डिकीत जाणार काय, तर सुपेल्याच्या बाजारातली भाजी.) मग स्लाव्हिया की व्हर्टस? एकीत भारदस्तपणा, दुसरीत रुबाब, असा बारीक भेद काकांना दिसतो. दोन्ही चाकणला एकाच कारखान्यात बनतात, सांगाडा तोच, इंजिनं तीच, डिकीसुद्धा ५२१ लिटरच. पण हे सांगणाऱ्या पुतण्याला गाड्यांतलं काही कळत नाही. शेवटी काकू म्हणाल्या, "कुठल्याही गाडीत बसा, गुडघे दुखणारच. उंच गाडी बघा." आता नवा तक्ता आखलाय: क्रेटा की सेल्टॉस?