दाखव बघू

डिजिटल कॅमेऱ्याच्या पाठीवर पडदा बसवला, तेव्हाच फोटो काढणाऱ्याचं स्वातंत्र्य संपलं. खटका दाबून होतो न होतो तोच चारी बाजूंनी "दाखव बघू!" डिचोलीच्या माझ्या मावशीला पहिल्या फोटोत स्वतःची हनुवटी दुहेरी दिसते, दुसऱ्यात साडी आखूड वाटते. तिसऱ्यात सगळं जमलेलं असतं, पण त्यात जाऊबाईही बऱ्या दिसतात. "उडव तो!"

म्हणून मी आगफा क्लिक-थ्रीकडे वळलो. बडोद्यात बनलेला, काळा, हलका डबा. त्यावर सूर्य आणि ढग अशी चित्रं. आकाशाकडे बघायचं आणि खटका फिरवायचा. 120चा रोल, बारा चौकोनी फोटो, खेळ खलास. गोव्यात घर असलेल्या छायाचित्रकार दयानिता सिंग यांनी ज्यावर नाव कमावलं तो हॅसेलब्लाड कॅमेराही हाच रोल खातो आणि बाराच चौकोन देतो. त्यांना 2022 साली हॅसेलब्लाड पुरस्कार मिळाला. बारापर्यंत आमची बरोबरी आहे, पुढचा फरक किरकोळ.

या डब्याला पडदा नाही, हा त्याचा खरा गुण. मावशी सवयीने हात पुढे करते, मी कॅमेरा उलटा करून पाठ दाखवतो. "खंय रे फोटो?" आत आहे. "कधी दिसतलो?" रोल संपला, की कुरियरने मुंबईला जाईल, मग. तोवर मे महिन्याच्या सुट्टीला आलेले पाहुणे आपापल्या गावी पांगलेले असतात आणि हनुवटीचा दावा मुदतबाह्य होतो. शिवाय बाराच फोटो म्हटल्यावर माणसं ताठ उभी राहतात. फोनसमोर ओठांचा चंबू करणारी भाची क्लिकसमोर आजोबांसारखी गंभीर होते.

अडचणी आहेत. पेडण्याच्या पुनवेला, ऐन कोजागरीच्या रात्री, शंभरच्या फिल्मवर काळोखाखेरीज काही उमटत नाही. सगळी जत्रा फोन उंचावून उभी असते. माझे दोन्ही हात खाजं खायला मोकळे. याला मी तोटा मानत नाही.

पावसाळा मात्र वैरी. आमच्याकडे जूनपासून चपलांना बुरशी येते, तिथे भिंगाची काय कथा? रोल फ्रीजमध्ये ठेवावे लागतात, आणि बांगड्यांशेजारी ते बघून आई दरवेळी विचारते, एवढ्या पैशांत विसवण आली असती ना? या प्रश्नाला छायाचित्रणकलेकडे उत्तर नाही.

तुमच्या माळ्यावर असा डबा पडला असेल, तर भंगारवाल्याला देऊ नका. 120चा रोल अजून मिळतो. भिंगावर बुरशी नाही ना, एवढं उजेडात धरून बघा. आणि पहिला फोटो घरातल्या सर्वांत चिकित्सक बाईचा काढा.