सोप्यातलं आरमार

आषाढात गुंजीत घराबाहेर पडायची सोय नसते. खानापूर तालुक्यातला हा घाटमाथा. पाऊस लागला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. अशा वेळी मी सोप्यात चटई अंथरून आरमार चालवतो. समुद्र पार घाटाखाली गोव्यात. पण पाणी कमी पडलं असं कुणी म्हणू नये.

खेळाचं नाव ‘टोकियो एक्स्प्रेस’. व्हिक्टरी गेम्स या अमेरिकन कंपनीनं १९८८ साली काढलेला. १९४२ मध्ये ग्वाडलकनाल बेटावरच्या आपल्या सैन्याला जपानी जहाजं रात्रीची कुमक पोचवत. त्या फेऱ्यांना अमेरिकनांनी ठेवलेलं हे नाव. शेजारच्या काकांना कौतुकानं सांगितलं, तर म्हणाले, “लोंढ्याला थांबते काय?”

डाव मी एकट्यानंच खेळतो. अमेरिकन जहाजं माझी, जपानी जहाजं नियमपुस्तिकेची. जहाज म्हणजे नखाएवढा पुठ्ठ्याचा चौकोन. परवा दांडीवरचे ओले कपडे वाळावेत म्हणून आईनं पंखा लावला आणि माझ्या दोन क्रूझर कपाटाखाली गेल्या. या वादळाला पुस्तिकेत नियम नाही.

खऱ्या लढाईतही अमेरिकनांचं फार बरं चाललं नव्हतं. ९ ऑगस्टच्या पहाटे साव्हो बेटाजवळ जपानी ॲडमिरल मिकावानं तासाभराच्या आत मित्रराष्ट्रांच्या चार जड क्रूझर कामातून घालवल्या. रडार अमेरिकनांकडे होतं. जपान्यांकडे होते अंधारात बघायला तयार केलेले पहारेकरी, मोठाल्या दुर्बिणी आणि लांब पल्ल्याचे टॉर्पेडो. हे सगळं मला पाठ आहे. त्याचा उपयोग शून्य.

खरी पंचाईत वेगळीच. गणपतीत पत्त्यांचा डाव बसला की हरणाऱ्याला निदान ओरडता येतं, “पान लपवलंस तू!” इथं डाफरायचं कुणावर? पुस्तिका ढिम्म. फासा पलंगाच्या पायाला आपटला, तर तो धरायचा की परत टाकायचा, हा वाद दोन्ही बाजूंनी मीच घालतो. निकाल दरवेळी अमेरिकेच्या बाजूनं लागतो. (जपाननं अजून हरकत घेतलेली नाही.) तरी बुडतात ती माझीच जहाजं.

“जिंकलं कोण?” आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

“जपान.”

“बरं झालं. मग गिरणीत दळण घेऊन जपानच जाणार काय?”