१८० डिग्रीचे भाऊजी

जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळई करतात. तिथल्या भट्टीत लोखंड १६०० अंशांच्या आसपास पातळ होतं. त्या भट्टीसमोर रात्रपाळी काढणाऱ्या माणसाला कशाची भीती वाटू नये. पण हाच माणूस रविवारी घरच्या ओव्हनच्या काचेला नाक लावून, श्वास रोखून बसलेला दिसतो. त्याला मी १८० डिग्रीचे भाऊजी म्हणतो. अंबड चौफुलीच्या अलीकडे राहा की पलीकडे, तुमच्या गल्लीत एक तरी सापडेलच.

भाऊजींनी मोबाइलवर चिकन-चीज भरलेलं बेक्ड सँडविच पाहिलेलं असतं. काम म्हटलं तर एवढंच. मैद्यात यीस्ट घालून मळायचं, फुगू द्यायचं, त्यात उकडून सोडवलेलं चिकन, कांदा, ढोबळी मिरची, मिरपूड नि किसलेलं चीज भरायचं, कडा दाबायच्या, वरून अंडं लावून तीळ पेरायचे आणि १८० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं भाजायचं. वहिनींनी हे ऐकता ऐकताच करून टाकलं असतं. भाऊजी आधी वजनकाटा मागवतात.

पहिली अडचण चिकनच्या दुकानात येते. दुकानदार सवयीनं विचारतो, "रस्स्याला का सुक्क्याला?" भाऊजी म्हणतात, "सँडविचला." दुकानदाराचा सुरा हवेत थांबतो. मग बोनलेसचा भाव ऐकून भाऊजीही थांबतात. शेवटी हाडासकट घेतात आणि हाडं काढायचं काम, न सांगता, वहिनींकडे जातं.

घरात आई माळकरी. त्यामुळे चिकन, त्याची पातेली आणि आता ओव्हनसुद्धा मागच्या अंगणात. तिथवर एक्स्टेन्शन बोर्डाची वायर न्हाणीवरून, तुळशीला वळसा घालून नेलेली. आई ओसरीवरून विचारतात, "काय करू लागलास रे?" इथं भाऊजींनी नुसतं "पाव" म्हणायला हवं होतं. पण त्यांना समजावून सांगायची भारी हौस. यीस्ट हा सूक्ष्म जीव असतो, साखर खातो, त्यातून वायू सुटतो नि पीठ फुगतं, असं ते सविस्तर सांगतात. "म्हणजे जित्ता असतो?" आईंचा पुढचा प्रश्न. त्यांच्यासाठी अंड्याऐवजी दूध लावून, बटाटा भरून वेगळा ट्रे ठरलेला असतो. तो तिथंच रद्द होतो.

तो जीव वाचवणं भाऊजींनाही जमत नाही, हा भाग वेगळा. यीस्टला कोमट पाणी लागतं, पन्नाशीच्या पुढं गेलं की ते मरायला लागतं. मे महिन्यात दुपारी बाराला गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून कसं येतं, हे जालनेकराला सांगायला नको. भाऊजी त्याच पाण्यात पहिली पुडी ओततात. दुसऱ्या पुडीला माठातलं पाणी मिसळतात. मग मात्र पीठ असं फुगतं की परातीवरचं फडकं वर उचललं जातं. मोबाइलवरचा तास इथल्या उन्हात अर्ध्या तासात उरकतो. पण भाऊजींचा गजर तासाचा, आणि तो वाजेपर्यंत ते कुणाला हात लावू देत नाहीत. तोवर पिठाला आंबूस वास सुटतो.

सारणात मात्र त्यांना मानलं पाहिजे. कांदा-मिरचीचं पाणी पार आटवायचं, सारण गार झाल्यावरच भरायचं, नाहीतर चीज आधीच पाघळतं नि पारी ओली होऊन फाटते. हे ते काटेकोर पाळतात. कारखान्यात वितळलेल्या लोखंडाचं सँपल काढून लॅबला पाठवायची शिस्त अंगात मुरलेली. इथं लॅब म्हणजे धाकटा मुलगा. तो तीनदा सँपल मागवून घेतो, निकाल देत नाही. अंडं लावायला ब्रश हवा म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून रंगाचा कोरा ब्रश आलेला असतो.

ट्रे आत जातो, कूलर चालूच असतो, कुणीतरी पाण्याची मोटार लावतं आणि खट्‌कन सगळं घर बंद. मेगावॅटच्या भट्टीवर हुकूम चालवणारा माणूस पंधराशे वॅटच्या डब्यासमोर हतबल. वहिनी शांतपणे म्हणतात, "अहो, बेकरीत न्या."

आपल्याकडे ही जुनी वाट आहे. दिवाळीआधी मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन नानकटाईसाठी भट्टीसमोर ताटकळलेली पिढी अजून आहे. आणि मैद्यात मांस भरणं तर मोबाइलच्या कितीतरी आधीचं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, आणि हैदराबादेत खिमा भरलेली लुकमी काही यूट्यूबवरून आलेली नाही. भट्टीवरचे मामू ट्रेकडे बघून एवढंच विचारतात, "लाइट गई क्या?" भाऊजी सांगतात, १८० डिग्री, वीस मिनिटं. मामूंच्या भट्टीला ना काटा, ना गजर. ते लांब फळीवर ट्रे आत सरकवतात, दुसऱ्या गिऱ्हाइकाला टोस्ट मोजून देतात, आत एकदा डोकावतात आणि ट्रे बाहेर ओढतात. वर बदामी रंग, एकही फुटलेलं नाही.

गल्लीत वाटताना मात्र "मीच केले" हे वाक्य प्रत्येक दारात होतं. चव चांगली असते, खोटं कशाला बोला. चीजची तार निघते, चिकन मऊ असतं, आणि वहिनींनी गुपचूप घातलेला चमचाभर काळा मसाला सगळ्यांना आवडतो. त्याचं श्रेय ओव्हनच्या ब्रँडला जातं.

तुम्हाला अशा भाऊजींचं दुपारी एकचं बोलावणं आलं, तर जरूर जा. फक्त घरून भाकरी खाऊन निघा आणि परतताना वहिनींना भांडी घासू लागा, कारण अंगणात दोन पराती, तीन पातेली नि तो रंगाचा ब्रश अजून तसाच पडलेला असतो.