क्लचप्लेट गेली जी!

चंद्रपूरहून गडचिरोलीला निघालेला रस्ता मूलमधून जातो, सिंदेवाहीकडून येणारा रस्ता त्याला इथंच येऊन मिळतो. त्यामुळे या गावात गाड्या थांबतात आणि थांबलेल्या गाडीभोवती माणसं जमतात. त्या माणसांत भाऊ असतातच. वय पन्नाशीच्या पुढं, खांद्यावर दुपट्टा, गालात खर्रा. बॉनेट उघडायच्या आधी, कित्येकदा गाडी नीट उभी राहायच्याही आधी भाऊंचा निकाल लागलेला असतो : “क्लचप्लेट गेली जी!”

भाऊ मिस्त्री नाहीत. ड्रायव्हरही नाहीत. एके काळी राईस मिलच्या ट्रकवर क्लीनर होते असं ते स्वतः सांगतात. किती दिवस, यावर पानठेल्यावर मतभेद आहेत. सध्या ते ज्या स्कूटरवर फिरतात तिला गिअर नाहीत आणि क्लचचा दांडाही नाही. पण त्यानं अधिकाराला बाध येत नाही. भाऊंच्या लेखी चारचाकीला दोनच आजार होतात. एक, क्लचप्लेट गेली. दुसरा, क्लचप्लेट जाणार आहे. मग ते दहा-बारा हजारांचा आकडा सांगतात आणि ऐकणाऱ्याचा चेहरा उतरला की समाधानानं थुंकायला बाजूला जातात.

भाऊंवर अन्याय नको. त्यांचं निदान कधी कधी बरोबर निघतं, आणि तेच सगळ्या दुखण्याचं मूळ आहे. मूल-सावली म्हणजे धानाचा मुलूख. कापणीच्या दिवसांत पोत्यांनी गच्च भरलेल्या पिकअप बांधीच्या चिखलातून हाफ क्लचवर ओढत बाहेर काढाव्या लागतात. पुढं महिन्याभरात एखादी गाडी डांबरी रस्त्यावर येऊन ओरडायला लागते : इंजिनचा आवाज चढतो, काटा चढतो, गाडीचा वेग मात्र तिथंच, आणि खालून जळका वास. अशी गाडी पाहून ‘क्लचप्लेट गेली’ म्हणणारा माणूस चुकत नाही. तिथं प्लेट घसरते आहे, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

पंचाईत होते ती नेमक्या उलट तक्रारीच्या वेळी. गिअर पडत नाही, रिव्हर्स टाकताना कर्रकर्र वाजतं, पेडल पूर्ण दाबलं तरी गाडी पुढं सरकू पाहते. इथं प्लेट घसरत नसते, ती सुटायलाच तयार नसते. भाऊ दोन्हींना एकच औषध देतात.

सुटत का नाही, हे पाहायचं तर पायापासून सुरुवात करावी लागते. हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडल दाबलं की वरचा म्हणजे मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइल ढकलतो. ते नळीतून खालच्या, म्हणजे स्लेव्ह सिलिंडरमध्ये जातं. त्याची दांडी फोर्कला रेटते, फोर्क बेअरिंगला, बेअरिंग प्रेशर प्लेटला, तेव्हा कुठं क्लचप्लेट मोकळी होते. द्रवावरचा दाब सगळीकडं सारखा पोचतो हे पास्कलनं सतराव्या शतकात सांगून ठेवलं आहे. शाळेत तो नियम पाठ केलेली सगळी मंडळी पानठेल्यावर हजर असतात; पण पास्कलची आठवण क्लचपाशी कुणाला होत नाही. द्रव सहसा दबत नाही, हवा मात्र दबते. नळीत हवेचा बुडबुडा शिरला की पायाचा जोर त्यालाच दाबण्यात खर्च होतो आणि खालची दांडी जेमतेम हलते.

भाऊ निकाल देतात तिथून थोड्याच अंतरावरचा मिस्त्री प्रश्न विचारतो. इंजिन बंद असताना गिअर पडतो का? बंद असताना लोण्यासारखा पडतो आणि चालू केल्यावर अडतो, तर क्लच सुटत नाही हे ठरलं. बंद असतानाही अडतो, तर गिअरच्या लिंकेजकडं बघायचं. पेडल भराभर दोन-चारदा मारलं तर पडतो का? पडत असेल तर हवा शिरली आहे नाहीतर ऑइल कमी आहे. पेडल दाबून धरलं तर हळूहळू आपोआप खाली बसतं का, आणि बाहेर तर एक थेंब दिसत नाही? मग बहुधा मास्टर सिलिंडरचं आतलं सील ऑइल मागं सोडतं आहे. पेडल दाबल्यावरच घरघर येते? बेअरिंग. एवढं विचारून होईपर्यंत मिस्त्रीनं पान्याला हातही लावलेला नसतो. म्हणूनच गिऱ्हाइकाला वाटतं, याला काही येत नाही. तिकडं भाऊंनी तर लगेच सांगितलं.

एकदा तर भाऊंनी मारुती ८०० च्या मालकाला ‘क्लचची हवा काढून घ्या’ असा सल्ला दिला. हायड्रॉलिक हा शब्द तेव्हा नुकताच त्यांच्या हाती लागला होता. त्या गाडीचा क्लच केबलवर चालतो. मिस्त्रीनं केबलचा नट दोन आटे फिरवला आणि गाडी मार्गी लावली. भाऊ म्हणाले, “हवा निघाली असंन आपोआप.”

इथपर्यंत हसण्यावारी नेता येतं. ‘ऑइल ते ऑइल’ या त्यांच्या सिद्धांताचं तसं नाही. कुण्या काळी-पिवळीवाल्यानं तो मनावर घेऊन क्लचच्या ऑइलच्या टाकीत इंजिन ऑइल ओतलं. ब्रेक ऑइल वेगळ्या जातीचं असतं, आतली रबरी सीलं त्याच्याच हिशेबानं बनवलेली असतात. खनिज तेल लागलं की ती फुगतात. काही दिवसांत पेडल खाली गेलं ते वर येईना. काही गाड्यांत क्लच आणि ब्रेकची टाकी एकच असते, हे लक्षात घेतलं तर लोहारा-चिचपल्लीच्या जंगलपट्ट्यात काय होऊ शकलं असतं, हे सांगायला नको. ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरला लागून असलेल्या त्या रस्त्यावर गाडी बंद पडली की ड्रायव्हर खाली उतरण्याआधी दोन्ही बाजूंचं झुडूप बघून घेतो.

भाऊंच्या कारकिर्दीचा कळस मात्र नाटकवाल्यांच्या सुमोनं गाठला.

दिवाळी झाली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या कंपन्यांचं माहेर. तिथून निघालेली मंडळी आज इथं तर उद्या तिथं, मंडईच्या नाहीतर शंकरपटाच्या गावी रात्रभर प्रयोग करतात. पोंभुर्ण्याकडं निघालेल्या अशाच एका कंपनीची सुमो संध्याकाळी उचक्या देत मूलमध्ये शिरली. सिंदेवाहीपासून क्लच नव्हता. ड्रायव्हर बहाद्दर : इंजिन बंद करून पहिला गिअर टाकायचा, तसाच सेल्फ मारायचा, गाडी धक्का खाऊन निघाली की पुढचे गिअर वेगाचा अंदाज घेऊन टाकायचे. नायिका पुढच्या सीटवर डोळे मिटून बसलेली, खलनायक मागं पेटी मांडीवर घेऊन.

“क्लचप्लेट गेली जी. गिअरबॉक्स उतरवल्याबिगर इलाज नाई,” भाऊ म्हणाले. “आज काई तुमचं नाटक होत नाई.”

दिग्दर्शक खालीच बसला.

मिस्त्रीनं टाकीचं झाकण उघडलं. ऑइल तळाला, आणि काळपट; बरीच वर्षं कुणी बदललं नसावं. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. मग आत गंज धरतो, सीलं खराब होतात. तो गाडीखाली सरकला, स्लेव्ह सिलिंडरवरचं रबरी बूट बोटानं मागं सारलं, आणि ओलं झालेलं बोट बाहेर काढून दाखवलं. सील गेलं होतं. सुमोचा हा सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाहेरच बसवलेला असतो, दोन बोल्ट सोडले की हातात. काही गाड्यांत तो आत, बेअरिंगबरोबरच असतो. तिथं भाऊंचा गिअरबॉक्स उतरवण्याचा सल्ला खरा ठरला असता. पण ते दैव त्या दिवशी त्यांच्या वाट्याला नव्हतं.

नवा सिलिंडर बसला. आता हवा काढायची. त्याला दोघं लागतात, आणि मिस्त्रीचा पोरगा सुट्टीवर.

“बसा जी भाऊ आतमंधी,” मिस्त्री म्हणाला. “दाबा म्हटलं का दाबाचं. मी सोडा म्हणेपर्यंत पाय उचलू नका.”

नियम सोपा आहे. पेडल दाबून धरायचं, खाली निपल सैल करायचं, ऑइलबरोबर बुडबुडे बाहेर येतात, निपल आवळायचं, मगच पाय सोडायचा. आधी सोडला तर सिलिंडर उघड्या निपलातून हवा आत ओढून घेतो. भाऊंनी पेडल दाबलं आणि खिडकीतून गर्दीला समजावून सांगायला सुरुवात केली. सांगताना त्यांना हातवारे लागतात. हातवारे करताना पाय उचलला जातो. खालून मिस्त्री ओरडला, निपलला लावलेल्या पारदर्शक नळीत बुडबुडे उलटे धावले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा भाऊंना मुद्दा सुचला. टाकीतलं ऑइल संपत आलं. ते संपलं असतं तर वरूनही हवा शिरली असती.

शेवटी खलनायक पेटी ठेवून उठला आणि भाऊंच्या जागी बसला. प्रॉम्प्टरच्या आवाजावर वर्षानुवर्षं उभा राहिलेला माणूस तो. दाबा म्हटलं, दाबलं. सोडा म्हटलं, सोडलं. अवांतर एक शब्द नाही. थोड्याच वेळात नळीतून सलग धार आली, पेडल टणक झालं, आणि रिव्हर्स न कुरकुरता पडला.

पैसे देताना दिग्दर्शकानं उपकाराच्या भरात मिस्त्रीला प्रयोगाचं आमंत्रण दिलं. मिस्त्रीला काम होतं. भाऊ शेजारीच उभे होते, त्यामुळे ते गेले, पहिल्या रांगेत बसले आणि पहाटे परतले. सकाळी पानठेल्यावर मिस्त्रीनं विचारलं, “कसं होतं जी नाटक?”

भाऊंनी खर्रा घोटत थोडा विचार केला.

“पहिला अंक मस्त उचलला. दुसऱ्याच्या मंधात मात्र इंजिन नुसतं ओरडून रायलं होतं, गाडी काई पुढं सरके ना.”

मिस्त्रीनं मान डोलावली. “प्लेटच गेली असंन जी,” तो म्हणाला.